एड्सचा विषाणु आणि त्याचे डावपेंच

पुष्कळसे रोगजंतु शरीराच्या पहारेकऱ्यांना चुकवून आंत शिरतात. एड्सचा विषाणु मात्र पहारेकऱ्यांच्याच घरांत बिऱ्हाड करतो. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें बारे-सिनूसी, मोंतान्ये व त्यांचे सहकारी यांनीं १९८३ सालीं त्याचा छडा लावला. एचआयव्ही हें त्याचें नांव.

रक्तांतील ज्या पांढऱ्या पेशी इतर संरक्षक पेशींना चेतवितात, त्या सीडी-४ पेशींना हा विषाणु चिकटतो आणि आपला मजकूर आंत सोडतो. तो आरएनए या द्रव्यांत लिहिलेला असून अवघा सुमारें ९,७०० अक्षरांचा असतो. विषाणूचें एक विकर त्याची डीएनएमध्यें उलटी नक्कल करतें. दुसरें ती नक्कल पेशीच्या स्वतःच्या डीएनएंत जोडून टाकतें. मग पेशी त्या परक्या आज्ञेप्रमाणें नवे विषाणु घडवूं लागते, आणि तिसरें विकर त्यांतील लांब प्रथिनें योग्य ठिकाणीं कापून त्यांना संसर्गक्षम करतें.

नक्कल करणारा हा कारकून मोठा वेंधळा. लिहिलेलें तपासून पाहण्याची त्याला संवयच नाहीं. उपचार न झालेल्या रोग्याच्या शरीरांत रोज अब्जावधि विषाणु जन्मतात. साहजिकच त्याच्या चुकांतून नवनवे प्रकार निपजतात. प्रतिपिंडांनीं एक रूप ओळखावें, तों दुसरें पुढें आलेलें असतें. शिवाय विषाणूच्या अंगावर शर्करेचें दाट आवरण असतें, आणि तें शरीराच्याच पेशींत तयार झालेलें. मग त्याला परकें म्हणून ओळखावें कसें?

औषधांचीहि हीच कथा. १९८७ सालीं अमेरिकेंत झिडोव्ह्यूडिन मान्य झालें. १९८९ पर्यंत त्याला न जुमानणारे विषाणु आढळले. १९९६ च्या सुमारास तीन औषधें एकत्र देण्याची पद्धति रूढ झाली. एका औषधाला चुकविणारा बदल सहज घडतो. तिन्हींना चुकविणारे बदल एकाच विषाणूंत एकाच वेळीं जुळून येणें अतिशय दुर्मिळ.

परंतु कांहीं पेशी तो मजकूर पोटांत घेऊन वर्षानुवर्षें निजून राहतात. त्यांच्यावर हीं औषधें चालत नाहींत. म्हणून प्रकृति सुधारली असें पाहून गोळ्या सोडणाऱ्याच्या रक्तांत विषाणु बहुधा कांहीं आठवड्यांतच परततो. अधूनमधून घेणाऱ्याच्या शरीरांत तर औषधाला दाद न देणारे प्रकारच माजतात. उलट, रोजची गोळी न चुकविणारा रोगी दीर्घायुषी होऊं शकतो. आणि रक्तांतील विषाणु तपासणींत सांपडेनासा झालेला असेतों शरीरसंबंधांतून त्याच्या जोडीदारास संसर्ग होत नाहीं. निजलेल्या शत्रूवर जागता पहारा हवा, तो असा.