पोराला सपोर्ट कंपनीत धाडावे का?



गेल्या पावसाळ्यात आमच्या गावचे एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा बी.सी.ए. झालेला, हातात पुण्याच्या एका कंपनीचे नेमणुकीचे पत्र. गृहस्थ म्हणाले, "भाऊ, तुम्ही या धंद्यात सहा वर्षं काढलीत. हे आयटी सपोर्ट म्हणजे काय काम असतं? पोराला धाडू का नको?" त्यांना जे सांगितले तेच आज आपल्यापुढे ठेवतो. गुरुजी मंडळींनीही ऐकावे, कारण असे पत्र घेऊन माणसे पुष्कळदा आधी त्यांच्याकडेच जातात.

आता काम काय ते पाहा. कारखाना, पतपेढी, इस्पितळ यांच्याकडे शेदोनशे संगणक असतात. ते अडले तर पाहायला स्वतःची माणसे ठेवण्याऐवजी पुष्कळजण हे काम कंत्राटाने बाहेर देतात. ते घेते ती सपोर्ट कंपनी. तक्रार आली की तिची नोंद होते, तिला क्रमांक पडतो. या नोंदीला 'तिकीट' म्हणतात. ते किती वेळात मिटवायचे हे आधी ठरलेले असते. एस.टी.ला उशीर झाला तर आपण चहा पिऊन घेतो. इथे उशीर झाला तर कंपनीला दंड बसू शकतो. नवा मुलगा पहिल्या पायरीवर. त्याने फोन घ्यायचा, विसरलेला पासवर्ड बदलून द्यायचा, रुसलेला प्रिंटर चालू करायचा. त्याला जे सुटत नाही ते दुसऱ्या पायरीवर जाते, तिथेही अडले तर तिसऱ्या.

यातला फायदा मोठा आहे, तो आधी सांगतो. एकाच कचेरीत नोकरी करणाऱ्याला त्या कचेरीचेच चार बिघाड ठाऊक. सपोर्ट कंपनीतला मुलगा अनेक कचेऱ्यांचे बिघाड पाहतो. एका मालकाची गाडी हाकणारा ड्रायव्हर आणि डेपोतला मेकॅनिक, यांच्यात जो फरक तोच इथे.

१९ जुलै २०२४ ची गोष्ट घ्या. त्या शुक्रवारी, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळचे साडेनऊ वाजून गेल्यावर, क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने संगणकाच्या राखणीचा एक सदोष बदल सगळीकडे धाडला आणि जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. आपल्याकडे काही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने तासा-दीड तासात चूक मागे घेतली. पण जी यंत्रे बसली ती बहुतेक आपोआप उठेनात. एकेक यंत्र 'सेफ मोड'मध्ये चालू करायचे, एक फाइल शोधून पुसायची, पुन्हा चालू करायचे. कितीतरी यंत्रांना त्याआधी ४८ आकडी कुलूपक्रमांक द्यावा लागे. फोनवरून एकेक आकडा सांगायचा म्हणजे काय, आणि तोही घाबरलेल्या माणसाला! असा एक दिवस वर्षभराच्या क्लासपेक्षा जास्त शिकवून जातो.

आता दुसरी बाजू. गिऱ्हाईक अमेरिकेतले असेल तर रात्रपाळी आलीच. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. पाळी तिथून नऊ तास. जागरणाची सवय होते असे म्हणतात. मला झाली नाही. मुलींच्या पालकांनी एक ध्यानात ठेवावे: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्रीच्या कामाला बाईची स्वतःची संमती लागते, आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायची असते.

पण रात्रीपेक्षा वाईट गोष्ट निराळीच आहे. माझे स्वतःचे सांगतो. पहिल्या कंपनीत मी दोन वर्षे पासवर्डच बदलत होतो. तिथे फक्त मिटवलेली तिकिटे मोजत. एक प्रिंटर महिन्यात नऊ वेळा अडला, म्हणून मी कारण शोधायला बसलो, तर साहेब म्हणाले, "कारण शोधू नकोस, तिकीट मिटव." पुढे दुसरीकडे मुलाखतीला गेलो. त्यांनी सर्व्हरविषयी चार साधे प्रश्न विचारले. मला एकाचेही उत्तर नीट देता येईना. फार लाज वाटली.

म्हणून त्या गृहस्थांना म्हटले, पगाराचा आकडा नंतर पाहू. त्यातही पत्रात वर्षाला २ लाख ४० हजार लिहिले होते, म्हणजे महिन्याला २० हजार हाती येतील असा त्यांचा हिशेब. तसे नसते. त्या आकड्यात कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, विमा असे पुष्कळ काही धरलेले असते. हाती किती, ते निराळे विचारावे. नोकरीसाठी अनामत मागणाऱ्याला किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्याला सरळ नमस्कार करावा. आणि एक प्रश्न अवश्य विचारावा: गेल्या दोन वर्षांत पहिल्या पायरीवरची किती मुले दुसरीवर गेली?

गुरुजींसाठी एक बोलतो. मुले इंग्रजीला भितात, ते खरे. पण तिकीट लिहिताना त्यांचे अडते ते दुसरीकडेच. काय झाले, आधी काय झाले, मग मी काय केले, हे क्रमाने चार ओळींत लिहिता येत नाही. सातवी-आठवीच्या मुलाला बंद पडलेल्या पंपाची हकिकत मराठीत अशी लिहायला लावली तरी पुष्कळ काम होईल.

असो. मुलाने माझ्या ओट्यावरूनच कंपनीला फोन लावला आणि तो प्रश्न विचारला. पलीकडच्या बाई थोड्या थांबल्या, मग म्हणाल्या, "पाच जण. दोघं मात्र सोडून गेले." गृहस्थ म्हणाले, "खरं सांगतायत बघा." मग त्यांची शंका निघाली: रात्रपाळीचा पोरगा दिवसा झोपतो कुठं? कॉट बेसिसच्या खोलीत चार मुले असतात; चौघेही रात्रीचेच असलेली खोली शोधा, एवढे मी सांगितले.

मुलगा दिवाळीनंतर रुजू झाला. पाळी संपली की पहाटे साडेचारला त्याचा घरी फोन येतो. गृहस्थ त्या वेळी धार काढायला उठलेलेच असतात.