प्रसादाची शुचिता
(तरसाली, बडोदे येथील व्याख्यान)



प्रसाद बाधत नाही, ही आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली श्रद्धा. ती मोडण्याचा येथे हेतू नाही. परंतु २०२४ च्या फेब्रुवारीत जे घडले ते कोणत्याही देवस्थानाच्या महाजनांनी नजरेआड करण्याजोगे नाही. ६ तारखेस, एकादशीच्या दिवशी, नांदेड जिल्ह्यातील कोष्टवाडी येथे भगर व आमटी यांचा प्रसाद झाला. रात्र सरण्यापूर्वीच वांत्या व जुलाब सुरू झाले आणि बाधितांची संख्या सुमारे २,००० वर गेली. लगेच पुढच्या एकादशीस, २० तारखेस, बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा येथे पुन्हा तेच अन्न आणि तेच दुखणे. बिबीच्या रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा झाडांना दोर बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या.

भगर, जिला आपले गुजराती शेजारी मोरैयो म्हणतात, हे धान्य मुळात निर्दोष आहे. मात्र ते ओल चटकन धरते, आणि दमट धान्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढून विषद्रव्ये निर्माण होतात. पिठात तर ती अधिकच लवकर वाढते. म्हणूनच सुटी भगर व साठवलेले पीठ टाळावे, असे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने वेळोवेळी बजावले आहे.

बुरशीचा प्रताप पाहण्यास बडोदेकरांनी दूर जावयास नको. १९७४ साली पंचमहाल जिल्ह्यात व त्यास लागून असलेल्या राजस्थानातील बांसवाड्यात अवेळी पावसाने मका भिजला. तोच मका खाऊन आदिवासी कुटुंबांत कावीळ पसरली. पाहणीत नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्याच घरांतील कुत्रीही मेली. ते विष अफ्लाटॉक्सिन होते, आणि चुलीवर शिजवल्याने ते नाहीसे होत नाही. गरिबाने भिजका मका खाल्ला तो नाइलाजाने; समाराधनेला तशी सबब कोठून आणावी?

दुसरा दोष हंड्यातला. भातात एका जंतूचे बीजाणू असतात. उकळीतही ते मरत नाहीत. पहाटे शिजविलेला भात मोठ्या पातेल्यात झाकून दुपारपर्यंत कोमट राहिला, की ते जागे होऊन विष सोडतात, आणि वाढण्यापूर्वी पुन्हा गरम केले तरी ते विष टिकते. ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली, या दोन स्थितींतच शिजलेले अन्न सुरक्षित. आचाऱ्याच्या बोटावरील चिघळलेली जखम दुधाच्या पक्वान्नाला असाच अपाय करते. सोवळे नेसले म्हणून जखम झाकली जात नाही.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र स्वयंपाकघराच्या बाहेरचा आहे. नवसाचे धान्य घेऊन एखादे वयोवृद्ध महाजन येतात. पोते उघडताच कुबट वास येतो. घरातील पीठ कोणी श्रद्धेने डब्यातून आणते. ते परत करणे म्हणजे दात्याचा अवमान, असे समजून समिती गप्प बसते आणि पोते कोठारात जाते. आपल्याकडे मानपानाचे नियम शेकडो, पण धान्य नाकारण्याचा अधिकार कोणाचा, याचा नियम एकाही देवस्थानाच्या वहीत सहसा सापडत नाही. येत्या सभेत तो ठराव मांडावा आणि उत्सवापूर्वी कोठारातील प्रत्येक पोते उघडून, उन्हात पसरून पाहावे. वास आलेले धान्य दात्याच्या नावाची पावती फाडून, त्यालाच सन्मानाने सांगून बाजूला काढावे. गुरांपुढेही ते टाकू नये.