लहरी कोणाच्या?



नभोवाणीवरचे निर्बंध सैल झाले म्हणजे जनतेला वाचा फुटते, असे पुष्कळांस वाटते. आम्हां डहाणू-तलासरीच्या चळवळीतल्या माणसांना हे जरा पारखून घ्यावेसे वाटते; कारण बातमी कोणाच्या हाती आहे, ह्याची किंमत ह्या मुलखाने रक्ताने मोजली आहे. १९४५ च्या ऑक्टोबरात खोट्या निरोपावरून हजारो वारली तलवाड्याला जमले आणि पोलिसांच्या गोळीबारात ५ जण मारले गेले.

सरकारी मक्तेदारीचे गोडवे आम्ही गाणार नाही. १९७५ च्या आणीबाणीत आकाशवाणी एकाच बाजूचे बोलत होती. पुढे क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून खटला झाला. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्यायमूर्ती पी. बी. सावंत ह्यांनी स्पष्ट सांगितले की, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचे नियमन सर्व थरांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या स्वायत्त संस्थेने करावे.

पण घडले काय? लहरींचा शहरवार लिलाव झाला. २००१ साली बंगळुरात पहिले खाजगी एफएम केंद्र सुरू झाले. जिथे जाहिरातदार, तिथे लहर! त्यातही स्वतःच्या बातम्या देण्यास ह्या केंद्रांना मनाई. २०११ च्या धोरणाने फक्त आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी लावण्याची मुभा दिली. म्हणजे गाणे सुटले, बातमी दावणीलाच राहिली.

परदेशांतही हेच दोन रस्ते दिसतात. इंग्लंडात १९५५ साली व्यापारी दूरचित्रवाणी आली, पण सार्वजनिक मंडळाच्या देखरेखीखाली. अमेरिकेने मात्र वादाच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन १९८७ साली काढून टाकले. मोकळे करणे वेगळे आणि मोकाट सोडणे वेगळे.

नोव्हेंबर २०१८ पासून आमच्याकडे भूकंपाचे धक्के बसू लागले. अशा रात्री पाड्यावरच्या बाईला घरात निजावे की अंगणात, हे तिच्या वारली बोलीत कोणी सांगावे? वादळाचा इशारा डहाणूच्या मच्छीमाराला वेळेवर कोणी द्यावा? ह्यात जाहिरातदाराला नफा नाही.

२००६ च्या सामुदायिक रेडिओच्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना दार उघडले. पण राजकीय पक्षांशी संलग्न कामगार संघटनांना परवाना नाकारला. पैसेवाल्याला लिलावात लहर मिळते, कष्टकऱ्यांच्या संघटनेला मात्र अर्जसुद्धा करता येत नाही, हा कोणता न्याय?

आमची मागणी साधी आहे. न्यायालयाने सांगितलेली स्वायत्त संस्था उभी करा, आदिवासी बोलींसाठी लहरी राखून ठेवा आणि संघटनांवरची बंदी उठवा. मालमत्ता सार्वजनिक आहे, तर वहिवाटीत आमचाही वाटा हवा.