मार्का नसलेलं खोकं
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



संशोधन करणारी आपली पोरं डोक्यानं अडत नाहीत, दारात अडतात. एका लेखासाठी परदेशी प्रकाशक हजारो रुपये मागतो. लिहिणाऱ्याच्या हातात त्यातला छदामही पडत नाही. ही ज्ञानाची सावकारी आहे. २०२५ पासून सरकारनं 'एक राष्ट्र, एक सदस्यता' आणली. तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. चांगलं झालं. पण दार उघडलं ते सरकारी संस्थेत नाव असलेल्यांना. ज्याचं नाव कुठल्याच मस्टरवर नाही त्यानं काय करायचं? आणि आपली हँडबिलं, ठराव, बंद पडलेले अंक त्या यादीत कुठनं सापडणार?

तेव्हा आपली इलेक्ट्रॉनिक लायब्ररी आपणच उभी करायची. पैसा नाही म्हणून रडू नका. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठानं 'ग्रीनस्टोन' केलं, युनेस्कोच्या साथीनं जगभर फुकट वाटलं. इंटरनेट नसलं तरी ते साध्या कॉम्प्युटरवर चालतं. एमआयटी आणि एचपीनं २००२ साली आणलेलं 'डीस्पेस'ही फुकटच; पण त्याला सर्व्हर लागतो, सांभाळणारा जाणकार लागतो. आपण पहिल्यापासून सुरू करू. 'टेसरॅक्ट' देवनागरी छपाई वाचतं, तेही फुकट. मात्र फिकट सायक्लोस्टाइलवर ते ठेचकाळतं. तिथं माणसानंच ओळ न् ओळ तपासावी लागते.

खरी मेहनत पुढंच आहे. गोदीत मार्का पुसलेलं खोकं शेडमध्ये असून नसल्यासारखं असतं. माल आहे, पण कुणाचा, कुठला, पत्ता नाही. 'स्कॅन ००१' नावाची फाइल म्हणजे तेच खोकं. हजार पानं स्कॅन केली आणि नोंद नाही केली, तर आपण नुसती हमाली केली. जगभरच्या लायब्रऱ्या 'डब्लिन कोअर' वापरतात. त्यात पंधरा खाने: शीर्षक, कर्ता, तारीख, विषय, हक्क वगैरे. तेवढे भरा. वही-पेनानं भरले तरी चालतील, पण भरा.

आणि फुकट म्हणजे लुटालूट नव्हे. १९५७ च्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. बाबासाहेबांच्या हयातीत छापलेलं लिखाण २०१७ पासून सर्वांचं झालं. पण हयात कवीचा अंक घ्यायचा तर त्याच्या घरी जा, लेखी परवानगी आणा. आपला कवी आधीच नागवलाय, आपण आणखी नागवू नये.

प्रती तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या वस्तीत. २६ जुलै २००५ च्या पाण्यानं मुंबईत घरंच्या घरं बुडवली. खाटेखालच्या ट्रंकेतल्या कागदांचं काय झालं असेल, ते सांगायला नको.

शेवटचं. आपल्या लायब्ररीत येणाऱ्याला पदवी विचारायची नाही, कुठल्या संस्थेचा तेही नाही. काय शोधतोस, एवढंच विचारायचं.

पुढच्या रविवारी प्रत्येकानं घरातला एक जुना अंक घेऊन यावं. आणि तो कुणी, कधी, कुठं छापला, ते म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून आणावं. ती माणसं आहेत तोवर विचारून घ्या.