दारावरचा परका
(महोत्सवानिमित्त टेंभुर्णी येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी पूर्वजांचे व दात्यांचे गुणगान व्हावे हे योग्यच होय, आणि ते इतर वक्त्यांनी उत्तम प्रकारे केलेही आहे. आम्ही मात्र आज एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे चिठ्ठी. मुलीची परीक्षा पुण्यास असो, आजाऱ्यास मुंबईस न्यावयाचे असो, की गोव्याची यात्रा असो, आपण आमच्याकडे येता व म्हणता, "फादर, एक चिठ्ठी द्या. सिस्टरांच्या मठात दोन रात्री स्वस्तात निघतील." अशा चिठ्ठ्या आम्ही आनंदाने दिल्या व पुढेही देऊ. परंतु स्वस्तात मिळणारी ती खाट मुळात कोणी व कशासाठी घातली, हे आपण जाणून घ्यावे अशी आमची इच्छा आहे.

सहाव्या शतकात इटली देशी संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांकरिता नियम लिहिला. त्यातील त्रेपन्नावे प्रकरण केवळ पाहुण्यांविषयी आहे. येणारा प्रत्येक पाहुणा हा प्रत्यक्ष ख्रिस्त समजून त्याचे स्वागत करावे, मठाधिपतीने स्वतः त्याच्या हातांवर पाणी घालावे, त्याचे पाय धुवावे, असे तेथे सांगितले आहे. पाहुणे अवेळी येतात, म्हणून त्यांचा स्वयंपाक निराळा असावा, इतका बारीक विचार त्या साधुपुरुषाने केला. आणखी एक मर्माची गोष्ट त्यांनी लिहिली आहे. श्रीमंताचा मान त्याच्या दबदब्यानेच राखला जातो. यास्तव अधिक काळजी गरिबाची व यात्रेकरूची घ्यावी.

या नियमाचे फळ पाहावयाचे असेल तर आल्प्स पर्वताकडे पाहावे. तेथे सुमारे ८,१०० फूट उंचीवरील बर्फाळ खिंडीत आओस्ताचे संत बर्नार्ड यांनी इ. स. १०५० च्या सुमारास वाटसरूंसाठी आश्रयगृह स्थापिले. ते आजही वर्षभर उघडे असते. परंपरा असे सांगते की, हे संत आनसीच्या सरोवराकाठी मांतों येथे जन्मले. त्याच आनसी नगरीत १८३८ साली फादर मेर्मिए यांनी संत फ्रान्सिस द सेल्स यांचा मिशनरी संघ स्थापिला, आणि त्याच संघाचे धर्मगुरू पुढे नागपूरकडे व आपल्या मराठवाड्यात आले. ते येथे आले तेव्हा परकेच होते. या मातीने त्यांस ठाव दिला, हे महोत्सवाच्या दिवशी आपण विसरता कामा नये.

ही रीत केवळ आपल्या ख्रिस्तसभेची आहे असे मानणे हा अहंकार होईल. आपल्या जालना जिल्ह्यातच जाळीचा देव हे महानुभावांचे स्थान आहे. श्रीचक्रधरस्वामी भ्रमंतीत कोठे उतरले, कोठे वस्तीस राहिले, याची नोंद त्या पंथाने स्थानपोथीत जपून ठेवली. निवारा देणारी जागाही त्यांस स्मरणीय वाटली. घनसावंगी तालुक्यातील जांब हे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांचे गाव. त्यांचे मठ देशभर पसरले. पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात १९७२ पासून अँग्लिकन व कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या, व तेथे अन्य धर्मीय साधकांसही जागा मिळाली.

आता पाहुण्याच्या कर्तव्याविषयी. मठ ही खाणावळ नव्हे. आगाऊ कळवून व होकार मिळवूनच जावे. फाटक बंद होण्याच्या आत पोहोचावे. धर्मभगिनींच्या अंतर्गृहात पाऊल टाकू नये. घंटेच्या वेळी जेवावे, रात्री मौन पाळावे, निघताना अंथरूण घडी करून खोली झाडावी. दर ठरलेला नसेल तेव्हा फुकट मिळाले असे न समजता यथाशक्ती दान ठेवावे. कारण त्याच दानातून पुढील गरिबाची चादर धुतली जाते.

येथवर आम्ही आपणांस उपदेश केला. आता आमचा स्वतःचा अपराध सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही गोव्यास गेलो असता एका मठात रात्री उशिरा पोहोचलो. एका वृद्ध धर्मबंधूने काही न विचारता आम्हांस ऊन पेज वाढली व खाट दिली. त्याच वर्षी श्रावणात, पाऊस कोसळत असता, येथे आमच्या फाटकाशी एक जोडपे लहान मुलास घेऊन उभे राहिले. त्यांनी केवळ ओसरी मागितली. आम्ही त्यांचे नाव विचारले, गाव विचारले, आणि ओळखीचे नाहीत म्हणून स्टँडवर जावयास सांगितले. मग आत येऊन रात्रीची प्रार्थना केली. तीत एक शब्दही अडखळला नाही.

सकाळी कळले की, ती माणसे आमच्या कुंपणाबाहेरील लिंबाखालीच रात्रभर बसून होती. उजाडताच ती निघून गेली. जाण्यापूर्वी त्या बाईने आपण बसलो ती जागा झाडली होती, आणि तिच्याबरोबर आमच्या फाटकाची पायरीही. पाहुण्याने कसे वागावे हे त्या बाईस कोणी शिकविले नव्हते. यजमानाने कसे वागावे हे आम्हांस अनेक वर्षे शिकविले गेले होते.

बंधुभगिनींनो, त्या झाडलेल्या पायरीवरून आम्ही आजही रोज मिस्सेकरिता जातो. म्हणून आज आमची आपणांपाशी एकच मागणी आहे. मंदिरामागील जुन्या सामानाची खोली रिकामी करावी. तीत दोन खाटा, दोन घोंगड्या व पाण्याची घागर असावी. किल्ली आळीपाळीने एकेका कुटुंबाकडे राहावी. येणाऱ्याची जात व धर्म विचारू नये. नाव विचारावे ते हाक मारण्यापुरते. यापुढे जो कोणी आमच्याकडे चिठ्ठी मागेल, त्यास आम्ही ती देऊ, आणि त्या खोलीची पाळी आपण केव्हा घेणार, एवढे मात्र विचारू.

परक्यास घरात घेणारा आपणांस घरात घेतो, असे प्रभूने न्यायाच्या दिवसाविषयी बोलताना सांगितले आहे. तो पुन्हा फाटकाशी येईल तेव्हा आपले दार उघडे असो, हीच या महोत्सवी आमची प्रार्थना. देव आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.