भाजलेला लसूण : भाजावा कसा, ठेवावा किती

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घरात वावरणारी बाई. व्याख्यान देणे काही मला जमायचे नाही. स्वयंपाकघरातलीच एक गोष्ट सांगते, ती म्हणजे लसूण भाजणे. यात काय सांगायचे, असे तुम्ही म्हणाल. पण यंदा दिवाळीच्या विक्रीत भाजलेला लसूण तेलात घालून बाटल्या ठेवाव्यात, असा विचार मंडळात निघाला आहे. म्हणून बोलणे भाग आहे.

आधी भाजण्याचे. कच्चा लसूण झोंबतो, तोच भाजला की गोडसर लागतो. असे का, ते माझ्या विज्ञान शिकणाऱ्या मुलीने मला समजावले. पाकळीत दोन द्रव्ये जणू वेगवेगळ्या खणांत असतात. पाकळी चिरली किंवा ठेचली की ती एकत्र येतात आणि झोंबणारा पदार्थ तयार होतो. अख्खी पाकळी तापवली, तर त्यांतले एक द्रव्य उष्णतेने आधीच निकामी होते. म्हणून असा लसूण सोलू नये, ठेचू नये, सालीसकट भाजावा.

चूल असेल तर गड्डा गरम राखेत पुरावा. गॅसवर लोखंडी तवा ठेवून, मंद आचेवर सालीसकट पाकळ्या टाकाव्यात, झाकण ठेवावे आणि मधूनमधून परतावे. १५-२० मिनिटांत पाकळी दाबल्यावर लोण्यासारखी लागते, गर सालीतून सुटतो. आच वाढवून घाई केली तर बाहेर काळी, आत कच्ची आणि चवीला कडू. हा गर भरतात, वरणात कुस्करावा. ठेच्यात मात्र थोडा लसूण कच्चा ठेवावा, नाहीतर त्याचा ठसकाच जातो.

आता बाटलीचे. लसूण मातीतला. मातीतल्या एका जंतूची बीजे त्याला चिकटलेली असू शकतात, आणि घरच्या भाजण्याने ती मरत नाहीत. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात आंबटपणा नाही. अशा जागी, घरातल्या उबेत, तो जंतू वाढून विष तयार करतो. या रोगाला बोट्युलिझम म्हणतात. त्यात अंग लुळे पडते, श्वासही बंद पडू शकतो. वासावरून, चवीवरून काही कळेलच असे नाही. कॅनडात व्हँकुव्हर शहरी १९८५ साली फ्रिजबाहेर ठेवलेल्या अशाच तेलातल्या लसणाने ३६ माणसे आजारी पडली होती.

कोणी म्हणेल, लोणचे नाही का वर्षभर टिकत? टिकते, कारण त्यात मीठ आणि आंबट भरपूर असते. नुसते तेल ते काम करीत नाही.

तेव्हा घरी भाजलेला लसूण त्याच दिवशी संपवावा. उरलाच तर झाकून लगेच फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत खावा. विक्रीसाठी बाटल्यांऐवजी कोरडी चटणी करू या. लसूण बारीक चिरून, ओल पूर्ण जाऊन कुरकुरीत होईपर्यंत भाजायचा. भाजलेले सुके खोबरे, तिखट, मीठ घालून कुटायचे. आपल्या हातचे शेजारची मुलेबाळे विश्वासाने खातात. तो विश्वास चार पैशांपेक्षा मोठा आहे.

एवढे बोलून मी खाली बसते.