परक्याने गावात कसे राहावे



इंग्लंडातले कितीतरी निवृत्त लोक स्पेनच्या समुद्रकाठी घरे घेऊन राहतात. तिथली भाषा, बाजार, सणवार त्यांना समजावून देणारी पुस्तके मिळतात. आमच्या जिवतीच्या डोंगरावर बाहेरून आलेल्या माणसाच्या हाती असे पुस्तक कोणी दिले नाही. तो समुद्राची हवा खायला आला नव्हता. दुष्काळाने हाकलला म्हणून आला होता. पण प्रश्न दोघांचा एकच आहे : दुसऱ्याच्या मुलखात राहायचे, ते कसे?

जिवतीचा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांद्याला आला. माणसे जागची हलली नाहीत. जिल्हे मात्र तीन झाले. इथले मूळचे रहिवासी कोलाम आणि गोंड. त्यांच्या शेजारी मराठवाड्यातून आलेली कुटुंबे वसली, आणि १९७२ च्या दुष्काळाने त्यांत मोठी भर घातली. गुड्याशेजारी तांडा उभा राहिला.

आम्ही कामगारांचे कार्यकर्ते. पंचवीसएक वर्षांपूर्वी या डोंगरावरच्या एका कोलामगुड्यात प्रथम गेलो. चावडीपुढे उभे राहून किमान वेतनावर तासभर बोललो. लोक मुकाट्याने ऐकत होते. शेवटी नाईकांनी एवढेच विचारले, "जेवून जाता ना?" आम्हांला वाटले, विषय पोचला. उतरताना वाट दाखवायला आलेला पोरगा म्हणाला, "दादा, घरी आम्ही कोलामी बोलतो. म्हाताऱ्यांना अन् बायांना तुमचं निम्मं बोलणं समजलं नाही. अन् तुम्ही येणार म्हणून कोणी कामावर गेलं नाही. आजची मजुरी बुडाली सगळ्यांची."

मजुरीवर भाषण देण्यासाठी आम्ही साऱ्या गुड्याची मजुरी बुडवून आलो होतो! पुढच्या खेपेस संध्याकाळी गेलो आणि न बोलता बसलो. तेव्हा एक म्हातारा दुभाष्यामार्फत म्हणाला, "ते समोरचं शेत माझ्या बापानं काढलं. आज मी त्यातच रोजानं जातो." वेतनाचा प्रश्न मुळात जमिनीचा होता, हे आम्हांला तेव्हा कळले.

परक्याने कसे राहावे याचे दोन उत्तम दाखले याच डोंगररांगांत आहेत. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने गोंडांची स्थिती पाहायला क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेंडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवले. महायुद्ध चालू असल्याने हा गृहस्थ कागदोपत्री शत्रुराष्ट्राचा नागरिक होता. तो पत्नी बेटीसह मारलवाईत झोपडी बांधून राहिला, गोंडी शिकला. त्याच्या प्रयत्नाने गोंड मुलांसाठी नागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके निघाली आणि गोंडांना जमिनीचे पट्टे मिळू लागले. बेटीबाई १९८७ साली हैदराबादला वारल्या. त्यांचे दफन मारलवाईत झाले.

दुसरे आपले सेतुमाधवराव पगडी. त्यांना आपण शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. मूळचे मराठवाड्यातले, निलंग्याचे. हैदराबाद राज्याचे अधिकारी म्हणून या भागात आले, गोंडी आणि कोलामी शिकले, कोलामीचे व्याकरण लिहिले. मराठवाड्याचा माणूस कोलामी बोलू शकतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले आहे.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. गुड्यात गेलात तर प्रथम नाईकांना भेटा. चार शब्द त्यांच्या भाषेतले शिका. दिवाळीत दंडारी निघते. मोरपिसांचा मुकुट घातलेला गुसाडी दारी आला, तर तो तुमची करमणूक करायला आला असे समजू नका. ते त्यांचे देवकार्य आहे. आणि मुख्य म्हणजे, कोलामाच्या गरजेच्या दिवशी थोडे पैसे पुढे करून त्याचे शेत हाताखाली घालू नका.

आता कायद्याचे. वनहक्क कायदा २००६ सालचा. आदिवासीची जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसण्यात असेल तर त्याला हक्क मागता येतो. इतरांना मात्र त्या तारखेआधी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. १९७२ ला आलेल्याची त्या दिवशी ३३ वर्षेच भरतात. त्याने घाम गाळला हे खरे, आणि त्याची अडचणही खरी. पण तिचे उत्तर त्याने सरकारकडे मागावे, शेजारच्या कोलामाकडून वसूल करू नये. दोन गरीब बांधावरून भांडत बसले की दोघांचेही अर्ज कचेरीत धूळ खात पडतात, हे आम्ही संघटनेच्या कामात पुष्कळदा पाहिले आहे.

दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून होते. त्या सभेत तांड्याने आधी उठून म्हणावे : पहिल्यांदा कोलामांचे शिवार मोजा. त्यानंतर कोलाम उठून म्हणेल, "आता यांचेही बघा." तो म्हणेल की नाही, अशी शंका आपल्याला येईल. ज्याने मजुरी बुडाली असता आम्हांला जेवायला विचारले, त्याच्याविषयी आम्हांला ती येत नाही.